जिवंत शक्तीचा वाद

गतिमान पदार्थाच्या अंगीं असलेली शक्ति कशी मोजावी, या एका प्रश्नावर युरोपांतील विद्वानांनीं सुमारें साठ वर्षें एकमेकांशीं कडाक्याचें भांडण केलें. आज शाळेंतील मुलगा ज्याचें उत्तर एका ओळींत लिहून मोकळा होतो, त्या प्रश्नानें लाइबनिट्झ, न्यूटनचे शिष्य, पॅरिसची विज्ञान अकादमी, व्होल्तेअर आणि ऐन विशींतील कांट एवढ्या सर्वांना गुंतवून ठेवलें होतें. विज्ञानाच्या इतिहासांत यास ‘जिवंत शक्तीचा वाद’ असें नांव आहे. आणि ‘तो केवळ शब्दांचा वाद होता’ एवढ्या एका वाक्यानें पुष्कळ पुस्तकांतून त्याची बोळवण केलेली आढळते. माझें मत निराळें आहे. वाद शब्दांचा होता हें खरें. परंतु तो केवळ शब्दांचा नव्हता, आणि जो भाग शब्दांचा नव्हता तोच पुढें शंभर वर्षांनीं फळास आला.

आरंभीं एक खुलासा केला पाहिजे. प्रस्तुत लेखांत ‘शक्ति’ हा शब्द मीं जाणूनबुजून ढिला ठेवला आहे. त्या काळच्या लॅटिन ग्रंथांतील ‘व्हिस’ हा शब्द असाच ढिला होता. ढकलणें, दाबणें, ओढणें यांसहि तोच, आणि धांवत्या पदार्थाच्या अंगीं साठलेल्या सामर्थ्यासहि तोच. आज आपण पहिल्यास ‘बल’ किंवा ‘प्रेरणा’ म्हणतों व दुसऱ्यास ‘ऊर्जा’ म्हणतों. या दोन कल्पना दोन आहेत हें आज आपणांस ठाऊक आहे. ज्यांना तें ठाऊक नव्हतें त्यांची गोष्ट सांगतांना आजचे नेमके शब्द त्यांच्या तोंडीं घालणें म्हणजे परीक्षेच्या आधींच उत्तरपत्रिका फोडण्यासारखें आहे.

वादाचें मूळ देकार्ताच्या १६४४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘तत्त्वज्ञानाचीं मूलतत्त्वें’ या ग्रंथांत आहे. ईश्वरानें सृष्टि निर्माण करतांना तिच्यांत गतीचा ठराविक सांठा घातला, आणि ईश्वर अविकारी असल्यामुळें तो सांठा कमी वा अधिक होत नाहीं, असें देकार्ताचें प्रतिपादन होतें. हा सांठा मोजावयाचा कसा? तर पदार्थाचा आकार आणि वेग यांचा गुणाकार करून. यास तो ‘गतीचें परिमाण’ म्हणे. कल्पना भव्य होती, पण तींत एक दोष होता. वेगाची दिशा देकार्तानें हिशोबांत धरली नाहीं. उजवीकडे जाणारा गोळा आणि डावीकडे जाणारा गोळा, दोहोंची बेरीजच व्हावयाची! या पायावर त्यानें आघाताचे सात नियम बसविले, आणि ते जवळजवळ सगळेच चुकीचे निघाले. लहान पदार्थ कितीहि वेगानें येऊन स्थिर असलेल्या मोठ्या पदार्थावर आदळला तरी मोठा पदार्थ हलणार नाहीं, असा त्यांतला चौथा नियम होता. गोट्या खेळणाऱ्या कोणत्याहि पोरानें तो खोटा ठरविला असता. परंतु मोठ्या माणसाच्या ग्रंथांतील वाक्य गोट्यांवर पडताळून पाहण्याची पद्धत त्या काळीं नुकती कोठें सुरू होत होती.

१६६८ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें आघाताचे खरे नियम शोधण्याचें आवाहन केलें, आणि वॉलिस, रेन व हायगेन्स या तिघांनीं आपापलीं उत्तरें पाठविलीं. हायगेन्सची युक्ति मला फार आवडते. हॉलंडमधील कालव्यांतून संथपणें जाणाऱ्या नावेंत एक मनुष्य दोन गोळे दोरीला टांगून एकमेकांवर आदळवितो आहे, आणि कांठावर उभा असलेला दुसरा मनुष्य तेंच पाहत आहे, अशी त्यानें कल्पना केली. नावेंतल्या मनुष्याला गोळ्यांचे वेग एक दिसतात, कांठावरच्याला दुसरे. नियम मात्र दोघांसहि एकच असला पाहिजे. एवढ्या एका मागणीवरून त्यानें आघाताचें गणित बांधून काढलें. त्यांतून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. दिशा लक्षांत घेतली तर वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारांची बेरीज आघातानें बदलत नाहीं, ही एक. दुसरी अशी कीं, गोळे पुरते उसळणारे असतील तर वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारांची बेरीजहि बदलत नाहीं. हायगेन्सनें ही दुसरी गोष्ट एक गणिती चमत्कार म्हणून नमूद केली. तिच्यावर तत्त्वज्ञानाचा इमला चढविण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

तो इमला चढविला लाइबनिट्झनें. १६८६ च्या मार्च महिन्यांत लाइप्झिगच्या ‘आक्टा एरुडिटोरम’ या विद्वत्पत्रिकेंत त्याचा एक लहानसा लॅटिन निबंध प्रसिद्ध झाला. देकार्ताची एक संस्मरणीय चूक थोडक्यांत सिद्ध करून दाखवितों, अशा अर्थाचें त्याचें शीर्षकच लढाऊ होतें. युक्तिवाद इतका साधा आहे कीं तो येथें संपूर्ण देतां येईल. एक पौंडाचें वजन चार हात उंच उचलण्यास जितकी शक्ति लागते, तितकीच चार पौंडांचें वजन एक हात उंच उचलण्यास लागते. हें देकार्तासहि मान्य होतें. आतां दोन्ही वजनें खालीं सोडा. पडतांना प्रत्येकानें तितकीच शक्ति मिळविली पाहिजे. नाहींतर फुकटांत चालणारें यंत्र बनवितां येईल. गॅलिलिओच्या नियमाप्रमाणें चार हातांवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग एक हातावरून पडणारीच्या चौपट नव्हे, दुप्पट असतो. मग देकार्ताच्या मापानें पहिल्याची शक्ति एक गुणिलें दोन, म्हणजे दोन. आणि दुसऱ्याची चार गुणिलें एक, म्हणजे चार. ज्या दोन शक्ति समान असल्याच पाहिजेत, त्या असमान ठरल्या! परंतु वेगाच्या जागीं वेगाचा वर्ग घ्या: एक गुणिलें चार, आणि चार गुणिलें एक. हिशोब जुळला.

यावर पहिला आक्षेप त्याच वर्षीं देकार्तपंथी आबे कातलाँ यानें घेतला. तो म्हणाला कीं चार हात पडण्यास दुप्पट वेळ लागतो, तो वेळ तुम्ही मोजलाच नाहीं. आक्षेप वाटतो तितका पोकळ नाहीं, आणि पुढील अर्धशतकभर तो निरनिराळ्या वेषांत पुन्हां पुन्हां रंगभूमीवर येत राहिला. लाइबनिट्झचें उत्तर असें कीं वेळेचा संबंधच नाहीं. घाटाची उभी वाट धरा कीं वळणावळणाची धरा, वर पोंचल्यावर ओझें तितक्याच उंचीवर येतें. वाटेंत किती वेळ गेला याची डोंगराला फिकीर नसते. १६९५ मध्यें त्यानें आपल्या या मापास ‘जिवंत शक्ति’ असें नांव दिलें, आणि टेबलावर ठेवलेल्या दगडाच्या नुसत्या दाबास ‘मृत शक्ति’ म्हटलें. नांव आकर्षक होतें. आकर्षक नांवांचे जे फायदे-तोटे असतात ते सर्व या नांवालाहि लाभले.

येथपर्यंत वाद फ्रेंच विरुद्ध जर्मन असा होता. अठराव्या शतकाच्या आरंभीं त्यांत इंग्रज उतरले, आणि त्याला चिखलाचा वास येऊं लागला. कलनशास्त्राचा शोध आधीं कोणी लावला यावरून न्यूटन आणि लाइबनिट्झ यांच्यांत वितुष्ट आलेलें होतें. १७१२ मध्यें रॉयल सोसायटीच्या समितीनें न्यूटनच्या बाजूनें निकाल दिला, आणि त्या सोसायटीचा अध्यक्ष खुद्द न्यूटनच होता. यानंतर लाइबनिट्झचें कोणतेंहि म्हणणें लंडनमध्यें निव्वळ गुणावर ऐकलें जाणें कठीणच होतें.

पण या भांडणाच्या पोटांत एक खरा, गंभीर प्रश्न दडलेला होता. न्यूटनचें म्हणणें असें कीं दोन सारखे, मऊ गोळे समोरासमोर आदळले तर ते जागच्या जागीं थांबतात. त्यांची गति नाहींशी होते. सृष्टींत गति सदैव घटत असते, आणि ती पुन्हां भरून काढणारीं कांहीं सक्रिय तत्त्वें असलींच पाहिजेत, असें त्यानें आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथाच्या शेवटीं जोडलेल्या प्रश्नांत लिहिलें आहे. १७१५ च्या अखेरीस लाइबनिट्झनें वेल्सची राजपत्नी कॅरोलिन हिला लिहिलेल्या पत्रांत याची थट्टा केली: न्यूटनच्या ईश्वराला आपलें घड्याळ मधूनमधून किल्ली देऊन चालू ठेवावें लागतें काय? न्यूटनच्या वतीनें सॅम्युएल क्लार्क या धर्मोपदेशकानें उत्तर दिलें, आणि दोघांचीं मिळून दहा पत्रें झालीं. मऊ गोळ्यांची गति गेली कोठें, हा क्लार्कचा सवाल होता. आपल्या पांचव्या व अखेरच्या पत्रांत लाइबनिट्झ सांगतो कीं शक्ति नष्ट झाली नाहीं. ती गोळ्यांच्या आंतील सूक्ष्म कणांत वांटली गेली, जसें मोठें नाणें मोडून खुर्दा घ्यावा तसें. रुपया दिसत नाहीं म्हणून रक्कम बुडाली असें होत नाहीं. १७१६ च्या नोव्हेंबरांत तो वारला, आणि पत्रव्यवहार तेथेंच थांबला. ही खुर्द्याची उपमा वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. लेखाच्या अखेरीस तिची गरज लागेल.

तत्त्वज्ञ भांडत असतां दोघां प्राध्यापकांनीं प्रयोग केले. पाडुआ येथील पोलेनी यानें चरबीच्या थरावर गोळे टाकून १७१८ मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. लायडनच्या विल्लेम ग्रावेसांडे यानें १७२२ मध्यें मऊ मातीवर पितळेचे गोळे टाकले. गोळे आकारानें सारखे, पण कांहीं पोकळ केल्यामुळें वजनानें भिन्न. एक गोळा दुसऱ्याच्या तिप्पट जड असेल तर हलका गोळा तिप्पट उंचीवरून सोडावयाचा. मातींत पडलेले खड्डे मोजून पाहिले तों ते सारखे! उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. म्हणजे खड्ड्यानें साक्ष दिली ती लाइबनिट्झच्या बाजूनें.

यांत विशेष तें काय? विशेष हें कीं ग्रावेसांडे न्यूटनचा माणूस होता. १७१५ मध्यें डच वकिलातीबरोबर तो लंडनला गेला असतां न्यूटनला भेटला होता, रॉयल सोसायटीचा सभासद झाला होता, आणि युरोपच्या भूमीवर न्यूटनचें पदार्थविज्ञान पद्धतशीर शिकविणारें जें पाठ्यपुस्तक सर्वांत अधिक चाललें तें त्याचेंच होतें. गोळे टाकले तेव्हां जुनें मत खरें ठरेल अशीच त्याची अपेक्षा होती. खड्डे पाहून, चुकलों तो मीच, अशा अर्थाचे उद्गार त्याच्या तोंडून निघाले असें सांगतात. उद्गार निघाले असोत वा नसोत, त्यानें आपलें मत बदललें, तें छापून प्रसिद्ध केलें, आणि आपल्या पाठ्यपुस्तकाच्या पुढील आवृत्तींत तसा फरक केला. पाठ्यपुस्तक लिहिलेल्या माणसाला हें करणें किती जड जातें, तें ज्यांनीं एखादें पाठ्यपुस्तक लिहिलें आहे त्यांनाच विचारावें.

क्लार्कनें त्याला क्षमा केली नाहीं. १७२८ मध्यें रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत त्यानें एक जळजळीत पत्र छापलें, आणि न्यूटनच्या तत्त्वज्ञानावर धुरळा उडविण्यासाठींच ही मंडळी असलें कांहीं बोलत आहेत असा आरोप केला. खड्डा खोटा होता असें मात्र त्याला म्हणतां आलें नाहीं. दुप्पट वेगाचा गोळा चौपट खोल जातो हें त्यानें मान्य केलें, पण त्याचें कारण त्याला तितका अधिक वेळ मिळतो, असें सांगितलें. म्हणजे कातलाँचाच आक्षेप, इंग्रजी पोषाखांत!

आतां या कथेंतील सर्वांत तेजस्वी व्यक्तीकडे वळूं. एमिली द्यु शातले ही १७०६ मध्यें जन्मलेली फ्रेंच सरदारघराण्यांतील स्त्री. मोपेर्तुई व क्लेरो यांच्यासारख्या गणित्यांकडून तिनें गणिताचे धडे घेतले, आणि १७३४ पासून सिरे येथील आपल्या वाड्यांत व्होल्तेअरसह राहून तिनें अभ्यासाचा मोठा व्याप मांडला. व्होल्तेअरच्या बरोबरच तिचें नांव नेहमीं घेतलें जातें; क्वचित् त्याच्या मागें, उपांगासारखें. परंतु पदार्थविज्ञानापुरतें बोलावयाचें तर दोघांत अधिक जाणती ती होती, आणि हें व्होल्तेअरलाहि ठाऊक होतें.

पॅरिसच्या अकादमीनें अग्नीच्या स्वरूपावर निबंध मागविले असतां तिनें व्होल्तेअरलाहि न सांगतां एक निबंध पाठविला. १७३८ मध्यें बक्षीस दुसऱ्यांना मिळालें, त्यांत ऑयलर होता. परंतु दोघांचेहि निबंध अकादमीनें छापण्याचें ठरविलें. या निबंधांत तिनें अकादमीचे सभासद मेराँ यांच्या १७२८ च्या व्याख्यानाची स्तुति केली होती. तें व्याख्यान जिवंत शक्तीच्या विरुद्ध होतें. मध्यंतरीं अभ्यास वाढतां तिचें मत फिरलें, आणि तें वाक्य काढून टाकावें अशी तिनें अकादमीला विनंति केली. दाखल झालेल्या मजकुरांत बदल करतां येत नाहीं, फार तर शुद्धिपत्रांत सुधारणा घालूं, असें उत्तर आलें. माणसाच्या मताला शुद्धिपत्र जोडण्याची ही तऱ्हा मला मोठी बोलकी वाटते.

१७४० मध्यें तिचा ‘पदार्थविज्ञानाचीं मूलतत्त्वें’ हा ग्रंथ कर्त्याच्या नांवावांचून बाहेर पडला. त्याच्या शेवटच्या प्रकरणांत तिनें मेराँवर उघड चाल केली. तेथें तिनें घेतलेलें एक उदाहरण हेरमान या स्विस गणित्याचें आहे. एक वस्तुमानाचा गोळा दोन वेगानें येऊन तीन वस्तुमानाच्या स्थिर गोळ्यावर आदळतो. मोठा गोळा एक वेगानें पुढें जातो, लहान एक वेगानें मागें उसळतो. मागें येतांना तो आपल्याच आकाराच्या दुसऱ्या स्थिर गोळ्यावर आदळून त्याला आपला सगळा वेग देतो व स्वतः थांबतो. शेवटीं काय शिल्लक राहिलें? तीन आणि एक मिळून चार वस्तुमान, एक वेगानें चाललेलें. म्हणजे पहिल्या गोळ्याच्या अंगीं चार इतकी शक्ति असली पाहिजे. आणि एक गुणिलें दोनाचा वर्ग, हे चारच. विरुद्ध पक्षाचें म्हणणें असें कीं एक गोळा पुढें गेला, एक मागें आला. तीन वजा एक, बाकी दोन. आणि एक गुणिलें दोन हेहि दोनच. वाचकानें कागदावर हिशोब करून पाहावा. दोन्ही हिशोब बिनचूक आहेत! मौज ही आहे कीं दोन्ही पक्षांपैकीं कोणीहि दुसऱ्याची वही उघडून आंतली बेरीज तपासली नाहीं. आपली बेरीज जुळते एवढ्यावरच प्रत्येकजण संतुष्ट राहिला.

मेराँचा स्वतःचा युक्तिवाद असा होता कीं वर फेंकलेल्या पदार्थानें किती अंतर काटलें तें मोजूं नका; अडथळा नसता तर जें अंतर त्यानें काटलें असतें, पण काटलें नाहीं, तें मोजा. त्या न काटलेल्या अंतराची बेरीज वेगाच्या प्रमाणांत येते. द्यु शातलेचें यावरील उत्तर मार्मिक आहे. ज्या अडथळ्यांनीं शक्ति खाऊन टाकली, तेच ओलांडूनहि शक्ति शिल्लक आहे असें धरावयाचें, आणि मग ती मोजावयाची, हें कसें? खर्च झालेली रक्कम खर्चलीच नाहीं असें मानून हिशोब लिहिण्यासारखें तें आहे.

मेराँ त्या सुमारास अकादमीचे कायम चिटणीस झाले होते. १७४१ च्या फेब्रुवारींत त्यांनीं एका खुल्या पत्रानें उत्तर दिलें. त्याचा सूर असा कीं बाईंनीं माझें व्याख्यान नीट वाचलें नाहीं, पूर्वीं त्यांचें मत बरोबर होतें, पुढें लाइबनिट्झपंथीयांच्या संगतीनें तें बिघडलें. तिला गणित शिकविण्यास राहिलेल्या केनिग यानें हा ग्रंथ आपल्याच धड्यांवरून उतरला आहे अशी कंडी पिकविली होती, त्यामुळें हा टोला अधिक लागणारा होता. ग्रावेसांडेनें मत बदललें तर तो प्रांजलपणा, आणि द्यु शातलेनें बदललें तर ती संगतीचा परिणाम! मार्चमध्यें तिचें उत्तर छापून आलें. त्यांत रडगाणें नाहीं. मेराँचें एकेक विधान घेऊन त्याला एकेक उत्तर दिलें आहे, आणि मधूनमधून अशी सौम्य बोचणी आहे कीं चिटणीससाहेबांनीं पुन्हां लेखणी उचलली नाहीं. व्होल्तेअरनें त्याच वर्षीं मेराँच्या बाजूनें स्वतःचा निबंध अकादमीला सादर केला. एकाच घरांत राहून, एकाच प्रश्नावर, दोघांनीं परस्परविरुद्ध बाजूंनीं लिहिलें, आणि त्यासाठीं घर मोडलें नाहीं. हें क्लार्कच्या पत्राशेजारीं ठेवून वाचण्याजोगें आहे.

जिवंत शक्तीचा पुरस्कार करीत असतांच न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चें फ्रेंच भाषांतर करावयास तिनें हातीं घेतलें, ही गोष्टहि कमी सूचक नाहीं. तिच्या लेखीं न्यूटन आणि लाइबनिट्झ हे दोन पंथ नव्हते. भाषांतराचें हस्तलिखित पुरें करून तिनें पॅरिसच्या राजग्रंथालयाच्या स्वाधीन केलें, आणि १७४९ च्या सप्टेंबरांत, बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं ती वारली. तें भाषांतर १७५९ मध्यें पूर्ण छापून निघालें.

दरम्यान १७४३ मध्यें दालाँबेर यानें आपल्या गतिशास्त्रावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेंत निकाल देऊन टाकला होता. हा शब्दांचा वाद आहे, तत्त्वज्ञांनीं त्यावर वेळ घालविणें शोभत नाहीं, असा त्याचा अभिप्राय. १७५८ च्या दुसऱ्या आवृत्तींत त्यानें तो अधिक स्पष्ट केला. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर बल किती वेळ लागलें याचा हिशोब केला म्हणजे वस्तुमान गुणिलें वेग, अर्थात् संवेग, मिळतो; आणि बल किती अंतरभर लागलें याचा केला म्हणजे वेगाचा वर्ग मिळतो. साठ किलोमीटर वेगानें जाणारी मोटार आणि एकशेंवीस किलोमीटर वेगानें जाणारी तीच मोटार, दोहोंचे ब्रेक सारख्याच जोरानें दाबले, तर दुसरीला थांबण्यास वेळ दुप्पट लागेल, पण ती रस्ता चौपट खाईल. कातलाँ, क्लार्क, मेराँ यांचे डोळे घड्याळावर होते. लाइबनिट्झ, ग्रावेसांडे, द्यु शातले यांचे रस्त्यावर. (आजच्या मोटारचालकानेंहि डोळे रस्त्यावर ठेवणें बरें.) कांटनें १७४७ मध्यें, दालाँबेरचा ग्रंथ माहीत नसतांना, आपलें पहिलें पुस्तक याच वादावर लिहिलें आणि दोन्ही पक्षांत तडजोड घडवून आणण्याचा प्रयत्न केला, तें पुस्तक आज लेखकाच्या नांवासाठींच वाचलें जातें.

दालाँबेरचा निवाडा बरोबर होता, परंतु अर्धाच. वेळाचें माप आणि अंतराचें माप हीं दोन निराळीं आहेत एवढें सांगून त्यानें भांडण मिटविलें; क्लार्कचा सवाल मात्र तसाच राहिला. मातींत गोळा रुतला. त्याचा संवेग पृथ्वीनें घेतला हें समजतें. पण ती जिवंत शक्ति कोठें गेली? मातींत खड्डा पडला म्हणावें, तर खड्ड्यांतून ती परत काढतां येत नाहीं. लाइबनिट्झनें खुर्द्याचें नांव घेतलें होतें, पण खुर्दा मोजून कोणी दाखविला नव्हता. हा प्रश्न शब्दांचा नव्हता, आणि त्याला शब्दांचा म्हणून निकालांत काढल्यामुळें कित्येक दशकें तो सुशिक्षितांच्या सभेंत विचारावयाचाच बंद झाला.

त्याला जागतें ठेवलें तें यंत्रकारांनीं. इंग्लंडमधील जॉन स्मीटन यानें १७५९ मध्यें पाणचक्क्यांच्या प्रतिकृतींवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. वरून पाणी पडून फिरणारें चाक हें खालून वाहत्या पाण्याच्या धक्क्यानें फिरणाऱ्या चाकाच्या सुमारें दुप्पट काम देतें, असें त्यांत दिसून आलें. धक्क्यांत, फेसांत, खळखळाटांत कांहींतरी वायां जात होतें, आणि तें वेगाच्या वर्गानेंच मोजावें लागत होतें. गिरणीवाल्याला किती दाणे दळले याच्याशीं कर्तव्य असतें. त्याच्यापुढें दालाँबेरची प्रस्तावना वाचून उपयोग नव्हता. १८०७ मध्यें छापलेल्या व्याख्यानांत टॉमस यंग यानें वस्तुमान गुणिलें वेगवर्ग यास ‘एनर्जी’ हें नांव सुचविलें. १८२९ मध्यें कोरिऑलिस यानें यंत्रांच्या हिशोबासाठीं त्याचें अर्ध घेतलें, कारण बल आणि अंतर यांचा गुणाकार, म्हणजे ‘कार्य’, बरोबर तितकाच येतो. विद्यार्थी ज्या अर्ध्या एककाला विसरून हटकून गुण गमावतात, तें असें गिरण्यांच्या हिशोबांतून आलेलें आहे.

अखेर खुर्दा मोजला तो मँचेस्टरच्या मद्यव्यावसायिक घराण्यांतील जेम्स जूल यानें. १८४३ पासून त्यानें निरनिराळ्या रीतींनीं, आणि पुढें खालीं उतरणाऱ्या वजनांच्या योगें पाणी ढवळून, गतीपासून किती उष्णता होते याचे प्रयोग केले. १८५० मध्यें त्यानें प्रसिद्ध केलेला आंकडा असा कीं एक पौंड पाण्याचें तापमान एक अंश फॅरेनहाइट वाढविण्यास एक पौंड वजन ७७२ फूट खालीं उतरावें लागतें. १८४७ मध्यें मँचेस्टरच्या सेंट अ‍ॅन चर्चच्या वाचनालयांत त्यानें दिलेल्या लोकांसाठींच्या व्याख्यानाच्या शीर्षकांत ‘जिवंत शक्ति’ हेच शब्द आहेत. लाइबनिट्झचें नाणें दीडशें वर्षें अजून चलनांत होतें. त्याच वर्षीं बर्लिनमध्यें हेल्महोल्ट्झ यानें ऊर्जेच्या अक्षय्यत्वाचा सिद्धांत मांडला. त्याचा निबंध तेथील प्रमुख नियतकालिकानें नाकारल्यामुळें पुस्तिका म्हणून निघाला. शीर्षकांत शब्द होता ‘क्राफ्ट’, म्हणजे तीच जुनी ढिली ‘शक्ति’. ‘स्थितिज ऊर्जा’ हें नांव रँकिननें १८५३ मध्यें घातलें, तेव्हां कोठें दोन कल्पनांना दोन घरें मिळालीं.

आपल्या मराठींत हीं घरें अद्याप पुरतीं वेगळीं झालेलीं नाहींत. शाळेच्या पुस्तकांत ‘बल’, विश्वकोशांत ‘प्रेरणा’. आयोग ‘अणुऊर्जे’चा, आणि मुंबईंतील त्याची वसाहत ‘अणुशक्तिनगर’. शिवाय ज्या ‘शक्ति’ शब्दानें अणूची ऊर्जा दाखवावयाची तोच वर्गांत ‘दर सेकंदास होणारें कार्य’ या अर्थानें शिकवावयाचा. मुलें गोंधळतात तेव्हां मी त्यांच्यावर रागावत नाहीं. ज्या गोंधळांत क्लार्क आणि मेराँ सांपडले, त्यांत त्यांनीं सांपडणें कमीपणाचें नाहीं. मी त्यांना फळ्यावर हेरमानचे गोळे काढून देतों आणि दोन्ही बेरजा करावयास सांगतों.

ग्रावेसांडेच्या मातींतच तो खुर्दा होता काय? होता. एक मीटर उंचीवरून पडलेल्या पितळी गोळ्याची सगळी जिवंत शक्ति उष्णता होऊन त्या गोळ्यांतच राहिली असें धरलें, तरी त्याचें तापमान एक अंश सेल्सिअसच्या चाळिसाव्या भागाइतकें वाढतें. मातीनें वांटा उचलल्यावर तेंहि नाहीं. त्याच सुमारास, त्याच देशांत, अ‍ॅम्स्टरडॅममध्यें फॅरेनहाइट आपले पाऱ्याचे तापमापक बनवीत होता. असा एखादा तापमापक लायडनच्या खड्ड्यांत खुपसून पाहिला असता तरी पारा हललेला दिसला नसता.